टेकडीवर राहिलेली सुरी

"सुरी झाडाच्या बुंध्याशी खुपसायची, मागे वळून बघायचं नाही आणि सरळ घरी यायचं," मावशी म्हणाली. "पहाटे उठून पुन्हा जायचं. चर्चच्या दारात थांबून क्रूसाची खूण करायची आणि तिथून पुढे तोंडातून शब्द काढायचा नाही. वाटेत लांडगा भेटो नाहीतर राजा भेटो. मूळ आजारी माणसाच्या हातात पडेपर्यंत मुकं."

मला हे सगळं पाठ होतं. गेली सहा वर्षं मी तिच्या हाताखाली वाढले होते आणि ते मूळ मी स्वतः दहा-बारा वेळा आणलं होतं. तरी मी ऐकत उभी राहिले, कारण मावशीला सांगायला आवडायचं आणि मला तिचं ऐकायला आवडायचं.

"आणि मानही हलवायची नाही," ती पुढे म्हणाली. "होकाराला नाही, नकाराला नाही. कुणी काही विचारलंच तर खाली जमिनीकडे बघायचं. टेकडीवरच्यांना मानेची भाषाही कळते."

हे मात्र मी पहिल्यांदाच ऐकत होते. दुखणं मोठं म्हणून नियमही कडक असेल, असं मी मनाशी ठरवलं आणि सुरी कमरेला लावून निघाले.

ही गोष्ट मर्सियाच्या राज्यातली, ट्रेंट नदीकाठच्या आमच्या लहानशा गावातली. माझं नाव टेट्टा. तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि आता माझं वय विचारलं तर मलाच बोटं मोजावी लागतील. आई-बाप एकाच साथीत गेले तेव्हा आईच्या थोरल्या बहिणीने, ओस्गिथने, मला आपल्या घरी आणलं. ओस्गिथ म्हणजे पंचक्रोशीतली वैदीण. तिला शंभर पाल्यांची नावं यायची, जखम शिवता यायची, मोडलेलं हाड बसवता यायचं, आणि कुठल्या औषधावर कुठलं गाणं म्हणायचं तेही यायचं. रविवारी मंत्रतंत्राविरुद्ध प्रवचन करणारे पाद्रीबाबा सोमवारी पाठीत उसण भरली की मागच्या दाराने आमच्याकडे यायचे. मावशी त्यांच्या पाठीला लेप लावायची आणि त्यांच्यासमोर मुद्दाम गाणं जरा मोठ्याने म्हणायची.

आमच्याकडे धडधाकट माणसाला एकाएकी कळ आली, ताप चढला, पोर निळंपिवळं पडलं की म्हणायचे, टेकडीवरच्यांचा बाण लागला. गावाच्या उत्तरेला जुन्या राजांच्या थडग्यांची टेकडी होती. तिथे न दिसणारी माणसं राहतात आणि ती बाण मारतात, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. बाणावर उतारा एकच, एलोनचं मूळ. छातीपर्यंत वाढणारं, पिवळ्या फुलांचं ते झाड त्याच टेकडीच्या उतारावर उगवायचं. गुरुवारी सूर्य बुडाल्यावर त्यात सुरी खुपसून ठेवायची म्हणजे झाड आपलं झालं, रात्रीत त्याचा गुण कुणी काढून घेऊ शकत नाही. पहाटे ते मुक्याने उपटून आणायचं. वाटेत एक शब्द जरी निसटला तरी हातात नुसतं लाकूड उरतं आणि आजारी माणूस जातो. असं मावशी सांगायची आणि मी त्यावर देवावर ठेवावा तसा विश्वास ठेवायची.

यावेळी आजारी होती शेजारची एब्बा, चार वर्षांची. दुपारपासून तिला ओकाऱ्या सुटल्या होत्या. ही पोर दिवसातला अर्धा वेळ माझ्याच पायात असायची. मावशीने तिचं पोट चाचपलं, डोळे उघडून पाहिले आणि तिच्या आईला बाजूला घेऊन सांगितलं की बाण खोल गेलाय, उद्या सकाळी ताजं मूळ मिळालं नाही तर पोर हाती लागायची नाही. ती माउली भिंतीला टेकून रडत राहिली. म्हणून मी त्या संध्याकाळी टेकडी चढले तेव्हा मला भीती होती, पण ती टेकडीवरच्यांची नव्हे.

सुरी खुपसली. मागे न बघता घरी आले.

इथे एक सांगायला हवं. त्या आठवड्यात गावात दुसराच विषय गाजत होता. आधीच्या गुरुवारी मठातलं पितळेचं भांडं नाहीसं झालं होतं. वेदीजवळ पवित्र पाणी ठेवायचं ते भांडं. आमच्याकडे पितळ म्हणजे अपूर्वाईची वस्तू, साऱ्या मुलखात तसं तेवढं एकच. त्या दिवशी मठात बाहेरची माणसं बरीच येऊन गेली होती. मावशी एका आजारी जोगिणीचं रक्त काढायला गेली होती, दोन मेंढपाळ लोकर घेऊन गेले होते, आणि बोटविन लाकडी वाट्या पोचवायला गेला होता.

बोटविन कातारी होता. पायाने दांडा दाबून लाकूड गरगर फिरवायचा आणि उजव्या हातातल्या पटाशीने त्यातून अशी वाटी काढायचा की बघणाऱ्याला वाटावं, वाटी आधीपासून आत होतीच, याने नुसती वरची साल काढली. हिवाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या संत मार्टिनच्या सणाला आमचं लग्न ठरलं होतं. त्या गुरुवारी तो वाट्या देऊन दुपारीच परतला आणि मठात संध्याकाळची घंटा होईपर्यंत आम्ही दोघं नदीकाठी वाळुंजाची साल काढत बसलो होतो. साल कमी निघाली, बोलणं जास्त झालं. घरी येऊन मी हे मावशीला सांगितलं आणि ती हसली. मी मावशीला सगळंच सांगत असे.

शुक्रवारी पहाटे मी चर्चच्या दारात क्रूसाची खूण केली आणि तोंड मिटलं. टेकडीवर धुकं होतं. सुरी होती तशीच होती. मी झाडाभोवतीची माती उकरली, मूळ तुटू न देता बाहेर काढलं आणि पदरात न झाकता, रिवाजाप्रमाणे हातात धरून उतरू लागले. पायवाट जिथे नदीच्या उताराला मिळते तिथे माणसं उभी दिसली.

मठाचा कारभारी वुल्फहर होता, त्याच्याबरोबर दोन गडी होते आणि मधे बोटविन. त्याचे हात मागे बांधलेले होते.

वुल्फहर माणूस वाईट नव्हता. तो घाईघाईने पुढे आला आणि म्हणाला की बरं झालं तूच भेटलीस, आम्ही तुमच्याच घरी निघालो होतो. भांडं दुपारी जागेवर होतं आणि घंटेच्या वेळी नव्हतं, त्या दरम्यान चोरी झाली. मेंढपाळांसाठी त्यांच्या मालकाने शपथ घेतली होती. ओस्गिथवर कुणाचा संशय नव्हता. राहिला बोटविन.

"हा म्हणतो की गेल्या गुरुवारी दुपारपासून घंटेपर्यंत हा तुझ्याजवळ होता," वुल्फहर म्हणाला. "तेवढं तू या दोघांसमोर सांग. मी दोर इथेच कापतो."

बोटविनच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. झोपेतून उठवलेल्या माणसाचा वैताग तेवढा होता. "सांग ना, टेट्टा," तो म्हणाला.

माझ्या तोंडात शब्द आला होता. अगदी दातांपर्यंत आला होता. 'होता' एवढाच तो शब्द. आणि हातात मूळ होतं, ओल्या मातीसकट, आणि डोळ्यांसमोर भिंतीला टेकून रडणारी एब्बाची आई होती.

मी बोलले नाही.

वुल्फहरने पुन्हा विचारलं. गडी एकमेकांकडे बघू लागले. बोटविनचा चेहरा आधी गोंधळला, मग त्याची नजर खाली माझ्या हाताकडे गेली आणि तिथेच थांबली.

"थांबा," तो म्हणाला. "तिच्या हातात एलोन आहे. तिला बोलता यायचं नाही. एब्बासाठी असणार, काल तिची आई रडत होती."

वुल्फहरलाही रिवाज ठाऊक होता, त्या मुलखात तो कुणाला ठाऊक नव्हता! तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, "मग बोलू नकोस, पोरी. नुसती मान हलव. मला तेवढंही चालेल."

मी खाली जमिनीकडे बघितलं.

माझ्या पायाच्या अंगठ्याजवळ एक गोगलगाय चालली होती. ती पायवाटेच्या एका कडेपासून मधोमध येईपर्यंत वुल्फहर थांबला. हे मी त्याच्या बाजूने सांगते, तो गरजेपेक्षा जास्त थांबला. शेवटी बोटविनच म्हणाला की राहू द्या, पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे, मठात गेल्यावर उलगडा होईल. मला म्हणाला, "तू जा. धावत जा."

मी धावत गेले.

घरी मावशीने मूळ माझ्या हातून लगेच घेतलं नाही. आधी गाणं म्हणायचं होतं, तेही तीनदा. मग मूळ धुवायचं, मग एब्बाच्या मुठीत द्यायचं, मग कापून उकळायचं. त्या सकाळी मावशी प्रत्येक गोष्ट सावकाश करत होती. मूळ एकदाचं पोरीच्या मुठीत पडलं आणि मी श्वासही न घेता सगळं सांगून टाकलं. मावशीने माझ्याकडे पाहिलं नाही. ती काढा ढवळत होती. म्हणाली, "मग जा. सांग त्यांना."

मठ तीन मैलांवर होता. पोचले तेव्हा अंगणात माणसं जमलेली होती. त्या दिवशी नेमका राजाचा न्यायाधीश मठात मुक्कामाला होता, दुपारी पुढच्या गावाला निघायचा होता, म्हणून निवाडा सकाळीच उरकला होता. देवाच्या घरातल्या चोरीला आमच्याकडे एकच शिक्षा होती. ज्या हाताने चोरी केली तो हात.

मी ओरडले. बोटविन माझ्याजवळ होता, हे मी त्या अंगणात इतक्या वेळा सांगितलं की शेवटी त्याला काही अर्थ उरला नाही. न्यायाधीशाने वुल्फहरला विचारलं आणि वुल्फहरने जे घडलं ते खरंखरं सांगितलं. पहाटे साक्षीदारांसमोर विचारलं तेव्हा हिने ना शब्द काढला ना मान हलवली. न्यायाधीश म्हणाला की जे मान हलवून सांगता आलं नाही ते आता घसा फोडून सांगण्यात काय हशील. आणि तो जेवायला गेला.

मावशी माझ्या मागोमाग पोचली होती, पिशवी घेऊन. कधी निघाली मला कळलंच नाही. बोटविनला धान्याच्या कोठीत आणून निजवलं होतं. मावशीने लोखंड तापवलं, मी त्याचे खांदे धरले. मग अंड्याचा पांढरा बलक, मध, वर तागाच्या पट्ट्या. मावशीचे हात थरथरत होते. तिचे हात थरथरताना मी पहिल्यांदाच पाहिले आणि मला तिची दया आली. हे मी विसरलेले नाही. त्या कोठीत मला मावशीची दया आली होती.

बोटविनने डोळे उघडले आणि मला विचारलं, "पोर वाचली का?"

मी म्हटलं, वाचली.

"मग झालं तर," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

पोर खरंच वाचली होती. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा एब्बा काठी घेऊन बदकांच्या मागे धावत होती. सगळं गाव एलोनच्या मुळाचा महिमा गात होतं.

पंधरा दिवसांनी बोटविन नदीच्या मुखाशी राहणाऱ्या आपल्या काकाकडे निघून गेला. मीही येते म्हटलं. तो नको म्हणाला. म्हणाला, "यात तुझा दोष नाही, असं मी तुला रोज सांगेन आणि तुला ते रोज ऐकावं लागेल." होडी वळणाआड गेली आणि मी परत मावशीच्या घरी आले. जायला दुसरं घर नव्हतं. मावशीने त्या रात्री मला जवळ घेऊन झोपवलं, आई-बाप गेले त्या वर्षी झोपवायची तसं, आणि मी तिच्या कुशीत रडले.

पितळेचं भांडं सापडलं नाही. लोक म्हणाले, नदीत टाकलं असेल त्याने.

चार वर्षांनी एका व्यापाऱ्याने मला एक वाटी आणून दिली. निरोप काही नव्हता. वाटी एका बाजूला जाड होती, दुसऱ्या बाजूला पातळ, आणि कडेला पटाशी घसरल्याची खूण होती. डाव्या हाताने केलेली. मी ती फळीवर ठेवली आणि कधी वापरली नाही.

मी लग्न केलं नाही. मावशीचं काम शिकत राहिले, करत राहिले. खरं तर त्या घटनेच्या आधी मला वाटत होतं की सगळं काम लवकरच माझ्या अंगावर पडेल, कारण मावशी थकत चालली होती. सुईत दोरा ओवायला मला हाक मारायची, पाला हुंगून ओळखायची. पण त्या हिवाळ्यापासून तिची तब्येत पालटली. स्वतःची सुई स्वतः ओवू लागली. लांबूनच माणूस ओळखायची. संतांची कृपा, म्हणायची. मी म्हणायचे, असेल.

अशी अकरा वर्षं गेली.

अकराव्या वर्षी कापणीनंतर मावशीला खोकला लागला. आधी कोरडा, मग रक्ताचा. ती अंथरुणाला खिळली. स्वतःचं दुखणं तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं. एका बुधवारी मला म्हणाली की उद्या गुरुवार आहे, टेकडीवर जा, माझ्यासाठी एलोन आण, सगळा रिवाज पाळून आण. छातीच्या दुखण्यावरही आम्ही ते देत असू. मी हो म्हटलं.

गुरुवारी सकाळी पाऊस झाला आणि तिच्या अंथरुणावर छप्पर गळू लागलं. मी शिडी लावून आढ्याशी चढले. गवताच्या खाली, दोन वाशांच्या खोबणीत, हात घातला तर काहीतरी कडक लागलं. हरणाच्या कातड्यात गुंडाळलेलं गाठोडं होतं. मला वाटलं जुनी मुळं असतील. मुळं होतीच. एलोनची, वाळवून दोऱ्यात ओवलेली, काळी पडलेली, दोन-तीन वर्षं पुरतील इतकी. आणि त्यांच्या खाली पितळेचं भांडं होतं.

मी खाली उतरले. भांडं चुलीजवळ उजेडात ठेवलं. तळाशी हिरवट काळी खरपुडी चिकटली होती. मी ती नखाने खरवडून हुंगली. लसूण, आंबलेली द्राक्षाची दारू, बैलाचं पित्त. मला दुसरं काही हुंगायची गरज नव्हती. डोळ्यांचं ते अंजन मावशीनेच मला शिकवलं होतं. सगळं कुटून पितळेच्या भांड्यात घालायचं आणि नऊ रात्री हलवायचं नाही. नवव्या रात्रीनंतर गाळून पिसाने डोळ्याला लावायचं. शिकवताना ती म्हणाली होती की हे आपल्याला नुसतं ऐकून ठेवायचं, आपल्याकडे पितळ कुठलं!

मावशी जागी होती. भांड्याकडे बघत होती. तिला ते अंथरुणातून स्वच्छ दिसत होतं.

"मी आंधळी होत होते, टेट्टा," ती म्हणाली. "आंधळ्या वैदिणीला कोण विचारतं? मठाकडे मागितलं असतं तर विचारलं असतं कशाला, आणि सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून कुणी दारात आलं नसतं. नऊ रात्रींपुरतं घेतलं. परत ठेवणार होते."

मी विचारलं की मी मूळ आणायला गेले तेव्हा कितवी रात्र चालू होती.

"त्या शुक्रवारची नववी. एकच उरली होती." तिला खोकला आला, मी तिला टेकून बसवलं, हात आपोआप तसे वागले. मग ती पुढे सांगत गेली. एब्बा आजारी पडली त्या गुरुवारी सकाळी मठात तिने वुल्फहरचं बोलणं ऐकलं होतं की दुसऱ्या दिवशी पहाटे बोटविनला धरायचं. बोटविन माझं नाव घेणार आणि मी हो म्हणणार, हे तिला ठाऊक होतं, कारण मी तिला सगळंच सांगत असे. तो सुटला असता तर त्याच दिवशी घराघरात झडती झाली असती. तिला वाटलं, त्याला फार तर आठवडाभर कोंडून ठेवतील आणि शनिवारी ती भांडं वेदीमागे टाकून येईल. न्यायाधीश येणार आहे हे तिला माहीत नव्हतं. त्यानंतर भांडं परत ठेवायची तिची हिंमत झाली नाही.

"आणि एब्बा?" मी विचारलं.

"तिने कच्ची रानसफरचंदं खाल्ली होती. ओकारीत तुकडे होते. रात्रीतच बरी झाली असती."

पाऊस थांबला होता. छपरातून थेंब पडत होते, भांड्यातच पडत होते. मी शेवटचं विचारलं. मानेचं विचारलं.

तिने पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. मग म्हणाली, "बंदी फक्त शब्दाला असते. माझ्या आईने मला तसंच शिकवलं होतं. मान हलवायची नाही, हे मी घातलं. तू माझा शब्द खाली पडू दिला नसतास, हे मला माहीत होतं."

मला राग यायला हवा होता. पण मला आधी आठवली ती पायवाटेवरची गोगलगाय, आणि वुल्फहर केवढा वेळ थांबला होता ते. आणि मग आठवलं की त्या रात्री मी हिच्याच कुशीत रडले होते आणि हिने माझ्या केसांतून हात फिरवला होता. राग त्यानंतर आला आणि तो अजून गेलेला नाही.

संध्याकाळी सूर्य बुडाल्यावर मी सुरी घेतली आणि टेकडीवर गेले. ठरलं होतं ना. एका चांगल्या पोसलेल्या एलोनच्या बुंध्याशी मुठीपर्यंत सुरी खुपसली आणि मागे न बघता परतले. पहाटे चर्चच्या दारात क्रूसाची खूण केली, तोंड मिटलं, टेकडी चढले. झाडासमोर उभी राहिले, उजाडेपर्यंत. मग मूळ न उपटता, सुरीला हात न लावता घरी आले.

मावशी वाट बघत होती. तिने माझे रिकामे हात पाहिले आणि विचारलं, मूळ कुठे? मी उत्तर दिलं नाही. मूळ आजारी माणसाच्या हातात पडेपर्यंत मुकं राहायचं असतं आणि मूळ तर अजून जमिनीत होतं. तिला कळायला वेळ लागला नाही. तिच्यासारखी हुशार बाई त्या मुलखात दुसरी नव्हती.

औषधात मी कसूर केली नाही. आढ्यावरची वाळकी मुळं रोज मधात उकळून दिली, त्यांना ताज्याइतकाच गुण होता आणि हे तिलाही ठाऊक होतं. तिला पुसलं, कूस बदलली, छातीला लेप लावले. फळीवरची वाकडी वाटी काढली आणि तिला त्याच वाटीतून पेज भरवली. पहिल्या दिवशी तिने वाटीच्या कडेवरून बोट फिरवलं, जाड बाजूवरून पातळ बाजूकडे, आणि बोट काढून घेतलं. रिवाज सगळ्या जगाशी मुकं राहण्याचा असतो. मी तो फक्त तिच्यापुरता पाळला. एब्बा यायची, तिच्याशी दारात उभी राहून बोलायची मी. आत मावशीला ऐकू जायचं.

भांडं मी वुल्फहरच्या घरी नेऊन दिलं आणि होतं ते सांगितलं. तो म्हातारा झाला होता. त्याने भांडं हातात घेतलं, बराच वेळ फिरवलं आणि हे गावात सांगायला ती मरेपर्यंत थांबू का, असं मला विचारलं. मी म्हटलं, थांबा. नदीच्या मुखाशीही निरोप धाडला. निरोप नेणारा परत आला तो सांगत, की कातारी गेल्या वसंतात तापाने गेला.

मावशी एकोणीस दिवस जगली. आधी ती रागावली, मग गोड बोलली, माझ्या आईच्या आठवणी काढल्या, मग नुसती माझ्याकडे बघत पडून राहू लागली. तिचे डोळे शेवटपर्यंत लख्ख होते.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी तिने माझं मनगट धरलं. हातात जोर नव्हता.

"बोलू नकोस," ती म्हणाली. "एवढंच सांग. मला माफ केलंस का? नुसती मान हलव. मला तेवढंही चालेल."

तिच्या हातात मनगट तसंच ठेवून मी खाली जमिनीकडे बघितलं.